रस्त्यावर मनोरुग्ण व्यक्ती सापडली तर: पोलीस ठाण्यापासून रुग्णालयापर्यंत आणि पुढे घरापर्यंत

मनोरुग्ण व्यक्ती सापडली की आधी कोर्टाचा आदेश आणायचा आणि मग मनोरुग्णालयात न्यायचे, ही पद्धत १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली. तो कायदा आता रद्द झाला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २०१८ पासून लागू असून, त्याप्रमाणे पोलिसांनी अशा व्यक्तीला थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे असते. तरीही रात्री-अपरात्री रुग्णालयाच्या दारात ‘कोर्ट ऑर्डर कुठे आहे?’ असे विचारले जाते, गाडी माघारी फिरते आणि आजारी माणूस सकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसून राहतो. काम बिघडते ते बहुधा असेच, एका खात्याने दुसऱ्याच्या हाती माणूस सोपवताना. म्हणून हा लेख ठाणे अंमलदार, वैद्यकीय अधिकारी, समाजसेवा अधीक्षक, निवारा चालवणारे कार्यकर्ते आणि घरची माणसे अशा सगळ्यांसाठी आहे.

कलम १०० काय सांगते

पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर दोन प्रसंगी कर्तव्य येते. पहिला प्रसंग: हद्दीत भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असे मानायला कारण असेल तेव्हा. दुसरा: आजारामुळे ती स्वतःला किंवा इतरांना धोका पोहोचवेल असे दिसत असेल तेव्हा. हा दुसरा प्रसंग घराच्या चार भिंतींतही लागू होतो, कारण कायद्यातले शब्द ‘ठाण्याच्या हद्दीत’ असे आहेत.

दोन्ही प्रसंगी ही अटक नसते, व्यक्तीला संरक्षणात घेतलेले असते. रोगनिदान पोलिसांनी करायचे नाही. तसे मानायला सयुक्तिक कारण आहे, एवढे पुरे. संरक्षणात का घेतले हे त्या व्यक्तीला सांगायचे आणि तिला ते समजत नसेल तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे उपचारांबाबत तिच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीला, सांगायचे. मोफत विधी सेवा मिळू शकते हेही सांगायचे असते, पण ही गोष्ट हमखास राहून जाते. त्यानंतर शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे. २४ तास ही शेवटची मर्यादा आहे. ती म्हणजे सकाळपर्यंत थांबायची सवलत नव्हे.

कोणत्याही परिस्थितीत अशा व्यक्तीला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. दार उघडे ठेवून, पहारा बसवून, ‘एका रात्रीपुरते’ ठेवले तरी ते बेकायदाच. साखळीने बांधण्यावरही कायद्याने बंदी आहे. भिक्षेकरी म्हणून पकडून भिक्षेकरी गृहात पाठवणे हीसुद्धा चुकीची वाट आहे. तिथे मानसिक आजाराची तपासणी मागे पडते आणि माणूस महिनोन्महिने उपचाराविना राहतो.

जागेवरची पहिली दहा मिनिटे

सायरन आणि लाल-निळे दिवे थोडे अलीकडेच बंद करा. गर्दी हटवणे हे पहिले काम, त्यातही मोबाइलवर चित्रीकरण करणारे आधी. ज्याला कानात आवाज ऐकू येतात त्याच्याभोवती वीस माणसे ओरडत असतील, तर त्याला तुमचा शब्द वेगळा काढता येत नाही.

बोलायचे एकाच माणसाने. दोन-तीन हात अंतर ठेवा, समोर न उभे राहता थोडे बाजूला उभे राहा आणि त्याला निघून जायला वाट आहे असे दिसू द्या. काठी मागे राहू द्या. वाक्ये छोटी हवीत: “मी पोलीस हवालदार आहे. तुम्हाला मारायला आलेलो नाही. पाणी हवंय का?” उत्तराला वेळ द्या. पंधरा-वीस सेकंद शांत राहणे अवघड जाते, पण बऱ्याचदा त्या शांततेनंतरच माणूस पहिला शब्द बोलतो. पाणी आणि बिस्किटाचा पुडा गाडीत असावा. उपाशी माणसापुढे याहून चांगली ओळख नाही.

“माझ्या मागे माणसं लागली आहेत,” असे तो म्हणाला तर वाद घालू नका, होकारही देऊ नका. “मला कोणी दिसत नाही, पण तुम्ही घाबरलेले दिसताय. आपण उजेडात बसू,” एवढे म्हणा. खोटी आश्वासने देऊ नका. ‘घरी सोडतो’ म्हणून रुग्णालयात नेले, तर पुढच्या वेळी तो कोणत्याही गणवेशावर विश्वास ठेवणार नाही.

स्त्री असेल तर महिला पोलीस अंमलदार हव्यातच. सोबत मूल असेल तर त्याला तिच्यापासून दूर करू नका. मनोरुग्णालयात भरती झालेल्या आईपासूनही तीन वर्षांखालचे मूल सहसा वेगळे करू नये, असे हाच कायदा सांगतो. अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी एकटी सापडली तर १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकाला कळवा. उपचार आधी द्या, पण २४ तासांत बालकल्याण समितीसमोर हजर करणेही आवश्यक आहे.

बळ वापरण्यावाचून गत्यंतर नसेल तर ते कमीत कमी आणि थोडाच वेळ वापरा. पालथे पाडून पाठीवर गुडघा ठेवणे जीवघेणे ठरते: खूप धावपळ केलेल्या माणसाला जास्त श्वास हवा असतो, त्याच वेळी छाती दाबली जाते आणि तो काही मिनिटांत गप्प होतो. ही शांतता धोक्याची आहे. लगेच कुशीवर वळवा किंवा बसते करा आणि एका माणसाने फक्त श्वासाकडे लक्ष ठेवावे.

आधी शरीर, मग मन

‘वेडसर वागतो’ म्हणून आणलेल्या काही माणसांना मानसिक आजार नसतोच. मेंदूला साखर, प्राणवायू किंवा रक्तपुरवठा कमी पडत असतो. हे चुकले तर माणूस दगावतो. म्हणून रुग्णवाहिका येईपर्यंत आणि रुग्णालयाच्या दारातही पुढील गोष्टी पाहा.

रक्तातली साखर ग्लुकोमीटरने मोजा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीही देऊ नका. डोक्याला मार, कान-नाकातून रक्त, ताप, ताठ मान, एका बाजूचा लुळेपणा, यांपैकी काहीही दिसले तर ही तातडीची वैद्यकीय केस आहे. तोंडाला फेस, लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि औषधासारखा वास असेल तर कीटकनाशकाचा संशय घ्या. उलट बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडे, अंग तापलेले आणि बडबड असंबद्ध असेल तर धोत्र्यासारखे विष पोटात गेलेले असू शकते.

दारूचे प्रकरण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान तो घामाघूम होऊन भिंतीवर किडे, साप पाहू लागतो. शुक्रवारी रात्री अटक झालेला आरोपी रविवारी कोठडीत ‘वेड लागल्यासारखे’ करू लागला, तर ते नाटक समजू नका. या अवस्थेत मृत्यू होतो आणि तो उपचाराने टळतो. अटकेच्या वेळीच ‘रोज किती पिता, शेवटची कधी घेतली?’ हे विचारून नोंदवा.

ढोबळ खूण अशी: काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस अचानक भ्रमिष्ट झाला, वेळ-जागा विसरला आणि त्याला नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या, तर आधी शरीराच्या आजाराचा संशय घ्या. महिनोन्महिने वाढलेली अस्वच्छता, कानात आवाज आणि ठाम संशय असेल तर मानसिक आजाराची शक्यता अधिक. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत स्मृतिभ्रंश आणि लघवीतला जंतुसंसर्ग या दोन्ही गोष्टी मनात ठेवाव्यात.

नोंद आणि पत्र

ठाणे दैनंदिनीत ‘मनोरुग्ण, आक्रमक’ एवढे लिहून भागत नाही. दिसले ते लिहा, निष्कर्ष लिहू नका. नमुना असा:

“२१.४० वा. बसस्थानक, फलाट ४. अंदाजे ४० वर्षांचा पुरुष, स्वतःशी हिंदीत बोलत वारंवार चालत्या बससमोर जात होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००(१) अन्वये संरक्षणात घेतले. कारण हिंदीत सांगितले, समजल्याचे दिसले नाही. डाव्या गुडघ्यावर जुनी जखम, इतर मार नाही. ग्लुकोमीटर वाचन ९८. उजव्या हातावर नाव गोंदलेले. झडतीत मिळालेल्या वस्तू: रेल्वे तिकीट १, चावी १. २२.२५ वा. १०८ ने उपजिल्हा रुग्णालयाकडे रवाना, सोबत एक अंमलदार. २२.५० वा. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या स्वाधीन, पोच घेतली.”

यातील प्रत्येक ओळीचा पुढे उपयोग आहे. २१.४० पासून २४ तास मोजले जातात. ‘इतर मार नाही’ ही नोंद नंतरच्या आरोपांत पोलिसांना वाचवते आणि मार असेलच तर माणसाला न्याय मिळवून देते. गोंदण आणि तिकीट घर शोधायला लागतात. म्हणूनच केस कापून आंघोळ घालण्याची घाई करू नये आणि जुने कपडे फेकूनही देऊ नयेत. शर्टाच्या कॉलरमागे शिंप्याच्या दुकानाचे लेबल असते. त्यावर गावाचे नाव असले तर अर्धे काम तिथेच होते. बळजबरीने केस कापून त्याचा व्हिडिओ फिरवणे तर सरळ अपमान आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

रुग्णालयाला द्यायच्या पत्रात दैनंदिनीतला हाच मजकूर, कलमाचा उल्लेख, ठाण्याचा चोवीस तास चालू असणारा क्रमांक आणि ‘मूल्यांकन करून लेखी कळवावे’ ही विनंती असावी. पत्राच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. गाडी निघायच्या आधी अपघात विभागात फोन करा: कोण येत आहे, शांत आहे की अस्वस्थ, जखम आहे का. या फोनमुळे दारातला निम्मा वाद मिटतो, कारण डॉक्टरांना खाट, सुरक्षारक्षक आणि औषध तयार ठेवता येते.

रुग्णालयाच्या दारात

‘आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाहीत, येरवड्याला न्या’ हे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येते. कायद्यात ‘जवळचे सरकारी रुग्णालय’ म्हटले आहे. ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयही असू शकते. मूल्यांकनाची व्यवस्था करणे ही तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. मनोविकारतज्ज्ञ नसतील तर त्यांनी शरीर तपासून, तातडीचे उपचार देऊन, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाशी बोलून संदर्भपत्रासह पुढे पाठवावे. कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जीव वाचवण्यासाठी किंवा स्वतःला-इतरांना इजा टाळण्यासाठी ७२ तासांपर्यंत, किंवा मनोरुग्णालयात मूल्यांकन होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर, तातडीचा उपचार देऊ शकतो. विजेचे झटके मात्र त्यात चालत नाहीत. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची, कोणीच नसेल म्हणून उपचार अडवायचे नाहीत.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, गोव्यात बांबोळीला संस्था आहे. सगळ्या वाटा तिकडेच नेल्या तर रुग्ण दोनशे किलोमीटर दूर जातो, नातेवाईक तुटतात आणि पाठपुरावा थांबतो. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात होण्यासारखे उपचार तिथेच व्हावेत.

संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीला भरती करायचे तर कलम ८९ नुसार एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरे मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते. भरती ३० दिवसांपर्यंत. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने करायचा असतो आणि बेघर माणसाचे गाडे इथेच अडते, कारण सही करायला कोणी नसते. त्यावर उपाय आहे: मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ प्रतिनिधी नेमू शकते, कोणीच नसेल तर समाजकल्याण खात्याच्या संचालकांना किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीला. तोवर या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या प्रतिनिधीला डॉक्टर तात्पुरते नेमू शकतात. समाजसेवा अधीक्षकांनी अशा दोन-तीन संस्थांशी आधीच बोलून ठेवावे. रात्री अकराला शोधाशोध करून कोणी मिळत नाही.

भरतीची गरज नाही असे निघाले तर डॉक्टरांनी पोलिसांना तसे कळवायचे आणि पोलिसांनी त्या व्यक्तीला घरी किंवा बेघरांच्या सरकारी निवाऱ्यात पोहोचवायचे. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सोडून देणे कायद्यात बसत नाही. निवाऱ्याला औषधाची चिठ्ठी, पुढच्या तपासणीची तारीख आणि ‘काय झाले तर परत आणायचे’ याच्या दोन ओळी लिहून द्या, नाहीतर निवारा त्या माणसाला घ्यायला कचरतो आणि त्यात निवाऱ्याची चूकही नाही.

आणखी एक फरक: बौद्धिक दिव्यांगता या कायद्याच्या ‘मानसिक आजार’ व्याख्येत येत नाही. अशा व्यक्तीला मनोरुग्णालय नाकारते ते योग्यच. तिच्यासाठी दिव्यांग कल्याण विभागाच्या यंत्रणेशी बोलावे लागते. दारू किंवा अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक विकार मात्र व्याख्येत येतात.

घरातून हाक आली तर

‘मुलगा दार लावून बसलाय, हातात कोयता आहे.’ अशा वेळी ११२ आणि १०८ दोन्हींना बोलवा. गणवेश आणि औषध बरोबर पोहोचले तर झटापट कमी होते. घरच्यांनी आधीची औषधांची चिठ्ठी, डॉक्टरांचे नाव आणि घरातल्या धारदार वस्तूंची माहिती बाहेर येऊन द्यावी. खासगी गाडी बोलावून चार माणसांकरवी बांधून व्यसनमुक्ती केंद्रात टाकण्याचे प्रकार सर्रास चालतात. पोलिसांनी त्यात हात घालू नये.

घरातच आजारी व्यक्तीला कोंडले, उपाशी ठेवले, मारले जात असेल तर कलम १०१ लागू होते: प्रभारी अधिकाऱ्याने ताबडतोब दंडाधिकाऱ्यांना अहवाल द्यायचा. दंडाधिकारी त्या व्यक्तीला मूल्यांकनासाठी सरकारी मनोरुग्णालयात पाठवू शकतात किंवा जास्तीत जास्त १० दिवसांच्या भरतीला परवानगी देऊ शकतात. कोर्टाची वाट इथे आहे, बसस्थानकावर सापडलेल्या माणसासाठी नाही. पण गोठ्यात बांधलेला मुलगा सापडला म्हणून थकलेल्या आईवर लगेच गुन्हा, असेही करू नका. वीस वर्षे कोणतीही मदत न मिळालेल्या घरात साखळी येते ती बहुधा भीतीतून. साखळी सोडवा, आणि त्याच दिवशी आशाताई व जिल्हा पथकाला त्या घराशी जोडून द्या.

आत्महत्येचा प्रयत्न

कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरायचे. तिच्यावर खटला किंवा शिक्षा नाही. भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ सारखे सरसकट कलमही राहिलेले नाही. हे गावोगाव पोहोचलेले नाही, म्हणून लोक कीटकनाशक प्यायलेल्या माणसाला ‘जुलाब होताहेत’ म्हणून आणतात. त्या खोटेपणात मोलाचा तास जातो. पोलीस पाटलांनी आणि बीट अंमलदारांनी हे एक वाक्य सांगत राहावे: केस होणार नाही, बाटली घेऊन या, लगेच या.

रुग्णालय पोलिसांना कळवणारच. जबाब घेताना डॉक्टरांची परवानगी घ्या, नातेवाइकांना थोडे दूर बसवा, ‘का केलंस?’ ऐवजी ‘काय घडलं?’ विचारा. विवाहितेच्या बाबतीत सासरच्यांसमोर घेतलेला जबाब कामाचा नसतो. छळाचा तपास वेगळा सुरू राहू शकतो, सोबतीला १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आणि पीडित महिलांना मदत करणारे सखी केंद्र आहे. घरी सोडण्यापूर्वी मनोविकार तपासणी व्हावी आणि १४४१६ हा टेलिमानसचा (मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) मोफत क्रमांक रुग्णाच्या आणि घरच्या एका माणसाच्या मोबाइलमध्ये जतन करून द्यावा.

घर शोधणे

बेघर किंवा भटकणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हरवलेल्या व्यक्तीची प्रथम खबर (एफआयआर) नोंदवणे आणि कुटुंब शोधणे हे ठाण्याचे कर्तव्य आहे. रुग्णालयात पोहोचवले की काम संपले असे समजून ही नोंद होतच नाही. मग दुसऱ्या राज्यात घरच्यांनी दिलेली तक्रार आणि इथला माणूस यांची गाठ पडत नाही.

औषध सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत बरेच जण गाव सांगू लागतात. त्या वेळी रुग्णालयाच्या समाजसेवकाने रुग्णाच्या भाषेत बोलणारा माणूस आणावा. जिल्हा विचारून उपयोग होत नाही. गावाजवळचा बाजार, रेल्वे स्टेशन, देवस्थान, शाळेचे नाव विचारा, मग तिथल्या ठाण्याला फोन करा. आधारची नवी नोंदणी ‘आधीच नोंद आहे’ म्हणून फेटाळली गेली, तर तोही धागा आहे. फोटो पोलीस यंत्रणेत पाठवा. उपचार चालू असलेल्या व्यक्तीचा फोटो संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही.

कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने रस्त्यावरच्या रुग्णांना बरे करून देशभर घरी पोहोचवण्याचे काम उभे केले. तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरी पोहोचवणे शक्य आहे, याचा तो पुरावा आहे. पण प्रवासाआधी घरच्यांशी व्हिडिओ कॉल करा आणि ते खरोखर न्यायला तयार आहेत का, ते ऐका. सोबत महिनाभराची औषधे, आजाराची माहिती आणि त्यांच्या जिल्हा रुग्णालयाच्या नावे पत्र द्या. औषध संपून महिन्यात पुन्हा रस्त्यावर येणारी माणसे या पत्राअभावी येतात.

स्त्री रुग्णाच्या बाबतीत गर्भचाचणी आणि अत्याचाराच्या खुणांची तपासणी महिला डॉक्टरांनी संवेदनशीलपणे करावी. खुणा असतील तर गुन्हा नोंदवायचा, आणि जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने, चित्रीकरण करून घ्यायचा.

ओळखीची बैठक

महिन्यातून एकदा तासभर, एकाच टेबलावर: ठाण्याचे अधिकारी, रुग्णालयाचे वैद्यकीय अधिकारी, जिल्हा मानसिक आरोग्य पथकातील समाजसेवक, निवारा चालक, तहसील कार्यालयातील निराधार योजनांचे लिपिक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे प्रतिनिधी. विषय एकच, गेल्या महिन्यातील केसेस. प्रत्येकीत किती वाजता संरक्षणात घेतले, किती वाजता तपासले, आज माणूस कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसेल, तर ती केस पुढच्या महिन्यात पहिली घ्या. तपशील मात्र खोलीबाहेर जाऊ नयेत. आजाराची माहिती गोपनीय आहे आणि पोलिसांना सुरक्षेपुरतीच लागते.

प्रशिक्षणात व्याख्यान कमी, सराव जास्त ठेवा. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या पद्धतीत निवडक पोलिसांना ४० तासांचे प्रशिक्षण देतात आणि त्यात रुग्ण व नातेवाईक स्वतः बोलतात. आपल्याकडे प्रत्येक ठाण्यातून दोन इच्छुक अंमलदार निवडून त्यांना दोन दिवस मनोविकार विभागात बसवले, तरी त्यांच्या बोलण्यात फरक पडतो.

संपर्क यादी पदांच्या नावाने ठेवा, व्यक्तींच्या नावाने नको. बदल्या झाल्या की व्यक्तींची यादी निकामी होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलाच्या काचेखाली आणि अपघात विभागाच्या भिंतीवर ही एकच यादी हवी: ११२, १०८, १०९८, १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, टेलिमानस १४४१६, विधी सेवा १५१००, जवळचा निवारा, जिल्हा मानसिक आरोग्य पथक. दर तीन महिन्यांनी रात्रपाळीतल्या कोणीतरी प्रत्येक क्रमांक लावून पाहावा, आणि जो उचलला जात नाही तो खोडून त्या जागी नवा लिहावा.